हॅलोवीनच्या संध्याकाळी पोरं सुखरूप राहावीत आणि शेजाऱ्यांनाही त्रास होऊ नये म्हणून काय काय करायचं

आम्ही २०१२ च्या उन्हाळ्यात न्यू जर्सीत राहायला आलो आणि आमचं पहिलंच हॅलोवीन, म्हणजे पोरं सोंगं घेऊन संध्याकाळी घरोघर कँडी मागत फिरतात तो सण, सँडी वादळात सापडलं. २९ ऑक्टोबरला वादळ धडकलं, झाडं आडवी, विजेच्या तारा रस्त्यावर लोंबतायत, घरात लाईट नाही, आणि गव्हर्नरने चक्क सरकारी आदेश काढून ३१ ऑक्टोबरचं हॅलोवीन ५ नोव्हेंबरवर ढकललं. मला तेव्हा फार नवल वाटलं होतं, सण असा पुढे ढकलतात का, आपण कधी गणपती पुढच्या सोमवारी बसवू का? समोरच्या घरातल्या आजींना मी तसं बोलूनही दाखवलं, तर त्या म्हणाल्या, तारा पडलेल्या अंधाऱ्या रस्त्यावर पोरं कशी सोडायची, कँडी काय पाच दिवसांनी पण गोडच लागते. ते वाक्य माझ्या डोक्यात पक्कं बसलंय.

दरवर्षी सप्टेंबर संपला की नव्याने आलेल्या मैत्रिणींचे तेच प्रश्न सुरू होतात, कुणाच्या दाराशी जायचं, किती वाजता, लाडू दिले तर चालतील का, मुलगी एकटी जाऊ शकते का, म्हणून या वेळी सगळं नीट क्रमाने लिहून काढतेय. जे लिहिलंय ते इथल्या, म्हणजे एडिसनच्या आसपासच्या, घरं सुटी सुटी असलेल्या वस्तीवरून लिहिलंय, तुम्ही टेक्सासात किंवा कॅलिफोर्नियात असाल तर वेळा आणि कायदे थोडे वेगळे असतील पण बाकी सगळं तेच.

सगळ्यात आधी: पोर्चचा दिवा

हॅलोवीनचा एकच नियम पाठ करायचा असेल तर हा करा. दाराबाहेरचा दिवा चालू म्हणजे या, दिवा बंद म्हणजे आमच्याकडे नको. बास. दिवा बंद असलेल्या घराची बेल वाजवायची नाही, आत टीव्ही चालू दिसला तरी नाही, गाडी दारात उभी असली तरी नाही. आत नुकतं जन्मलेलं बाळ झोपलेलं असेल, कुणी आजारी असेल, युद्धावरून आलेला कुणी असेल ज्याला सारखी बेल आणि दारावरचे धक्के सहन होत नाहीत, किंवा त्यांच्या धर्मात हा सण पाळतच नसतील (जेहोवाज विटनेस लोक पाळत नाहीत), कारण काहीही असू दे, ते आपल्याला सांगायला ते बांधील नाहीत.

हेच उलट्या बाजूनेही लागू आहे. तुम्हाला त्या दिवशी कुणी यायला नको असेल तर काहीही अपराधी न वाटून घेता दिवा बंद करून आत बसा. आणि कँडी संपली की लगेच दिवा बंद करा. आम्ही ते केलं नव्हतं, परडी रिकामी आणि दिवा तसाच चालू, एक लहानसा डायनासोर पायऱ्या चढून आला आणि मला त्याला परत पाठवावं लागलं, त्याचं तोंड इतकं उतरलं की अजून आठवतं.

पंधरा दिवस आधी

आपल्या टाऊनची वेळ बघून ठेवा. बऱ्याच टाऊनमध्ये ट्रिक ऑर ट्रीटच्या, म्हणजे पोरांनी दारोदार कँडी मागत फिरायच्या, वेळा ठरवून दिलेल्या असतात, साधारण दुपारी चार-पाच ते रात्री आठच्या आसपास, टाऊनच्या वेबसाईटवर किंवा पोलिसांच्या पानावर मिळतात. टाउनहाऊसमध्ये किंवा अपार्टमेंटमध्ये असाल तर असोसिएशनचा नियम वेगळा असू शकतो, तोही विचारा, काही ठिकाणी फक्त क्लबहाऊसमध्ये वाटतात. मोठ्या मुलांचंही बघा, काही गावांनी वयाची अटही घातलेली आहे, व्हर्जिनियातल्या चेसापीकमध्ये तर पूर्वी १२ वर्षांवरच्या मुलाला तुरुंगाची शिक्षा लिहिलेली होती, २०१९ मध्ये ती काढून वय १४ केलं.

मग रस्ता ठरवा, आणि तो दिवसा उजेडी एकदा चालून बघा. हे कुणी करत नाही आणि हेच सगळ्यात कामाला येतं. आमच्या इथे निम्म्या रस्त्यांना साईडवॉकच (फुटपाथ) नाहीये, एका वळणावर झुडपं एवढी वाढलीयेत की येणारी गाडी दिसतच नाही, हे मला दुपारी चालले म्हणून कळलं, नाहीतर रात्री सात पोरं घेऊन मी त्याच वळणावर उभी राहिले असते.

कॉस्च्युम

इथे जरा वेळ घालवा. दुकानातला राजकन्येचा घोळदार ड्रेस किंवा सुपरहिरोची लांब केप बहुतेक वेळा पायात येते, आपण परकर-पोलक्याला जशी खालून दुमड घालतो तशीच दुमड घालून टाके मारा, काठ घोट्याच्या वर राहिला पाहिजे. माप एक नंबर मोठं घ्या, कारण ३१ ऑक्टोबरच्या संध्याकाळी इथे चांगलाच गारठा असतो आणि आतून थर्मल घालावं लागतं, नाहीतर मग बाहेरून जॅकेट चढवावं लागतं आणि सगळा कॉस्च्युम झाकला गेला म्हणून रडारड होते. बूट रोजचेच. आईच्या चपला, उंच टाचा, काचेचे बूट वगैरे फक्त फोटोपुरते.

लेबलवर फ्लेम रेझिस्टंट लिहिलंय का बघा. याचा अर्थ कपडा पेटतच नाही असं नाही, पण पेटला तर लवकर विझतो. जाळीचे पंख, पातळ नायलॉनचे झगे, कापसाच्या दाढ्या हे प्रकार मेणबत्तीजवळ फार धोक्याचे.

मास्कपेक्षा चेहरा रंगवलेला बरा, कारण मास्कच्या भोकातून बाजूची गाडी दिसत नाही, मूल फक्त समोर बघतं. पण रंग आदल्या दिवशी हाताच्या आतल्या बाजूला थोडासा लावून बघा, लाल चट्टा उठला तर वापरू नका. आणि मोठ्या मुलामुलींना एक गोष्ट स्पष्ट सांगा, मांजरीचे किंवा भुताचे डोळे दिसणाऱ्या त्या रंगीत लेन्स डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय घ्यायच्याच नाहीत. अमेरिकेत सगळ्या कॉन्टॅक्ट लेन्स, अगदी नुसत्या शोभेच्या सुद्धा, वैद्यकीय उपकरण धरल्या जातात आणि चिठ्ठीशिवाय विकणं बेकायदेशीर आहे, तरी विकतात. डोळ्याला जखम होऊन कायमची नजर जाऊ शकते.

काळे कपडे असतील (आणि असतातच, चेटकीण, वटवाघूळ, निंजा सगळे काळेच) तर पाठीवर आणि बाह्यांवर रिफ्लेक्टिव्ह टेपच्या पट्ट्या चिकटवा, हार्डवेअरच्या दुकानात रोल मिळतो. कँडीच्या पिशवीवर पण एक पट्टी. तलवार, कुऱ्हाड मऊ फोमची. खरी वाटेल अशी बंदूक अजिबात नको, खेळण्यातली म्हणून ओळखू यावी असं नारिंगी टोक असलं तरी नको, का ते पुढे सांगते.

आणि दुसऱ्यांच्या जातीजमातीचा वेष कॉस्च्युम म्हणून नको. नेटिव्ह अमेरिकन लोकांचा पिसांचा मुकुट किंवा काळा माणूस बनायला चेहऱ्याला काळं फासणं हे शेजाऱ्यांना खरंच लागतं, आपल्या साडी-टिकलीची कुणी सोंग म्हणून टर उडवली तर आपल्याला जसं लागेल तसंच.

भोपळा

हॅलोवीनला भोपळा पोकळ करून त्याला चेहरा कोरतात आणि आत दिवा ठेवून दाराशी मांडतात. तो कोरताना बोटं कापणारी मोठी माणसंच जास्त, कारण आपण घरातली धारदार सुरी घेतो, भोपळ्याची साल जाड आणि आतून ओली, सुरी अडकते, आपण जोर लावतो आणि ती एकदम सटकते. भोपळा कोरायची छोटी दातेरी करवत मिळते, तीच आणा, ती हळूहळू कापते आणि जोर लागत नाही. मुलांनी स्केचपेनने चेहरा काढायचा, चमच्याने गर आणि बिया काढायच्या, कापायचं काम मोठ्यांचं. बिया धुऊन, वाळवून, मीठ-तिखट लावून ओव्हनमध्ये भाजल्या की मस्त होतात. घारगे करायचे असतील तर त्यासाठी छोटा गोड भोपळा वेगळा आणा, कोरायचा मोठा भोपळा पाणचट आणि तंतुमय असतो, मी एकदा केले, जमले नाहीत.

फार आधी कोरू नका, चार-पाच दिवसांत बुरशी धरते. आत मेणबत्ती नको, बॅटरीचा एलईडी दिवा ठेवा.

दारासमोरची तयारी, आणि दिवाळी जवळ असेल तर

२०२४ मध्ये दिवाळी आणि हॅलोवीन एकाच संध्याकाळी आले, इथल्या बऱ्याच घरांत लक्ष्मीपूजन ३१ ऑक्टोबरलाच झालं. आम्ही हौसेने पायऱ्यांच्या दोन्ही कडांना पणत्या लावल्या, खाली रांगोळी, कडेला भोपळा, फार सुंदर दिसत होतं. मग कोपऱ्यावरच्या घरातली चार वर्षांची पोरगी परी बनून आली, पाठीला जाळीचे पंख, आणि कँडी घ्यायला ती माझ्या दिशेने वळली तेव्हा तिच्या पंखाचं टोक पणतीच्या ज्योतीवरून वीतभर अंतरावरून गेलं. तिला कळलं नाही, तिच्या आईलाही कळलं नाही, मी खाली वाकले आणि उघड्या हातानेच पणत्या विझवल्या. बोटाला थोडं भाजलं, त्याचं काही नाही, पण ते पंख मला अजून दिसतात.

तेव्हापासून आमच्याकडे तेलाच्या पणत्या खिडकीच्या आतल्या बाजूला आणि देवापुढे, पायऱ्यांवर फक्त एलईडीच्या. २०२७ लाही दिवाळी २९ ऑक्टोबरला आहे, म्हणजे दिवाळीच्या दिवसांतच पुन्हा हॅलोवीन येणार, तेव्हा हे लक्षात ठेवा. रांगोळी पायऱ्यांच्या मध्ये न काढता बाजूला काढा, त्या दगडी पायरीवर रांगोळीची पूड पसरली की पाय घसरतो, आणि दुसरं म्हणजे मुलं त्यावरून पळत जाणार, मग आपल्याला वाईट वाटणार. फुलबाज्यांबद्दल सांगायचं तर न्यू जर्सीत २०१७ पासून हातातल्या फुलबाज्या आणि जमिनीवरचे छोटे प्रकार १६ वर्षांवरच्यांना चालतात, आकाशात उडणारे आणि फुटणारे फटाके चालत नाहीत. पण ट्रिक ऑर ट्रीटच्या वेळात फुलबाजी सुद्धा नको, सगळी मुलं गेल्यावर मागच्या अंगणात, पाण्याची बादली जवळ ठेवून.

बाकीची तयारी पटकन सांगते. पायऱ्यांवरची ओली पानं झाडून घ्या, बागेचा पाण्याचा पाईप गुंडाळून ठेवा, सायकल आत घ्या. बाहेर लावलेल्या माळांना बाहेर वापरायचीच एक्स्टेन्शन कॉर्ड, ती चालायच्या वाटेवरून आडवी नको. वाळलेले मक्याचे ताट आणि गवताच्या गाठी शोभेला ठेवत असाल तर दिव्यांपासून आणि दारापासून लांब, एका ठिणगीचं काम असतं, आणि बाहेर पडायचा रस्ता तोच दरवाजा असतो.

सजावट करताना शेजाऱ्यांचा विचार करा. सांगाडे, कोळ्याची जाळी, थडगी ठीक आहे, पण झाडाला फास लावून माणूस लटकवू नका. या देशात काळ्या लोकांना जमावाने असंच झाडाला फाशी दिल्याचा फार भयंकर इतिहास आहे, काळ्या शेजाऱ्यांना ते रोज बघायला लावणं बरं नाही. रक्तबंबाळ बाहुल्या शाळेच्या बसथांब्यासमोर नकोत, किंडरगार्टनची पोरं रोज सकाळी तिथे रडतात. किंचाळणारी यंत्रं रात्री नऊला बंद.

कुत्रा असेल तर त्याला संध्याकाळभर मागच्या खोलीत ठेवा, गरीब असला तरी. शंभर वेळा बेल वाजल्यावर गरीब कुत्रापण बिथरतो, आणि दार उघडं राहिलं की पळतो.

वाटायला काय आणायचं

घरचं काही नको. मला माहितीय हे ऐकून वाईट वाटतं, बेसनाचे लाडू, चकल्या घरात डबे भरून असतात आणि आपल्याला ते द्यावेसे वाटतात, पण अनोळखी घरातून आलेलं, पॅक नसलेलं काहीही इथले आईवडील मुलांना खाऊ देत नाहीत, देऊही नये असंच सरकारी सल्ल्यात सांगतात, तुमचे लाडू थेट कचऱ्यात जातील. फराळ द्यायचाच असेल तर ओळखीच्या शेजाऱ्यांना दुसऱ्या दिवशी डब्यातून द्या आणि डब्यावर चिठ्ठी लावा, त्यात दूध-तूप, गहू, शेंगदाणे, काजू-बदाम, तीळ यातलं काय आहे ते लिहून. तीळ मुद्दाम लिहा, १ जानेवारी २०२३ पासून अमेरिकेत तिळाचं नाव पाकिटावर ॲलर्जीच्या पदार्थांत लिहिणं सक्तीचं झालंय, तो इथल्या त्या सक्तीच्या यादीतला नववा पदार्थ.

शेंगदाण्याची ॲलर्जी असलेल्या मुलासाठी हॅलोवीन फार अवघड असतं, कारण निम्म्या चॉकलेटांत शेंगदाणे किंवा त्यांचा अंश. म्हणून परडीत थोडं डम-डम्स लॉलीपॉप किंवा इथल्या स्मार्टीज गोळ्या असं काही ठेवा ज्यात मुख्य ॲलर्जीचे पदार्थ नसतात, आणि एका वेगळ्या भांड्यात खाऊ नसलेल्या वस्तू, पेन्सिली, स्टिकर, छोटे चेंडू, चमकणाऱ्या बांगड्या. दाराशी निळसर हिरव्या रंगाचा भोपळा ठेवला की त्याचा अर्थ आमच्याकडे खाऊ नसलेल्या वस्तू पण आहेत. ही पद्धत २०१२ मध्ये टेनेसीतल्या ॲलर्जी असलेल्या मुलांच्या पालकांच्या गटातून सुरू झाली आणि २०१४ पासून देशभर पसरली, टील पंपकिन प्रोजेक्ट म्हणतात. भोपळा रंगवायला वीस मिनिटं लागतात. आमच्या गल्लीतला एक मुलगा दरवर्षी सरळ पळत आमच्याकडेच आधी येतो, कारण बाकीकडे त्याला सगळं घेऊन घरी जाऊन आईला देऊन टाकावं लागतं.

तुमचंच मूल शाकाहारी असेल तर हेही माहिती असू द्या की गमी बेअर, मार्शमेलो, कँडी कॉर्न आणि इथल्या स्टारबर्स्टमध्ये जिलेटिन (प्राण्यांच्या हाडाकातड्यापासून केलेलं) असतं, स्किटल्समध्ये आता नसतं. मुलाला दारात उभं राहून पाकीट वाचायला लावू नका, जे मिळेल ते थँक्यू म्हणून घ्यायचं, घरी येऊन वेगळं काढायचं.

३० तारखेची रात्र

न्यू जर्सीत आदल्या रात्रीला मिस्चिफ नाईट म्हणतात, काही भागात कॅबेज नाईट किंवा गूझी नाईट. टवाळ पोरं घरांवर अंडी फेकतात, झाडांना टॉयलेट पेपर गुंडाळतात. गाडी शक्यतो गॅरेजमध्ये घ्या, भोपळे आत घ्या, बाहेरचा दिवा रात्रभर चालू ठेवा. गाडीवर अंडं पडलं तर वाळू देऊ नका, कोमट पाण्याने लगेच धुवा, उकळतं पाणी टाकलं तर ते शिजून आणखी चिकटतं. आणि घरात टीनएजर असेल तर तो त्या रात्री कुठे आहे हे तुम्हाला माहिती असलं पाहिजे. एखाद्या म्हाताऱ्या माणसाला दुसऱ्या दिवशी शिडीवर चढून झाडावरचे कागद काढायला लागणं यात गंमत काहीच नाही.

संध्याकाळ: रस्ता

लोकांना भीती वाटते ती कँडीत विष असेल याची. खरी भीती गाडीची आहे. अमेरिकेतल्या १९७५ ते २०१६ अशा ४२ वर्षांच्या अपघातांच्या नोंदी काढून केलेला एक अभ्यास बालरोगाच्या मोठ्या नियतकालिकात छापून आलाय. ३१ ऑक्टोबरची संध्याकाळ ५ ते मध्यरात्र ही वेळ त्यांनी आधीच्या आणि नंतरच्या आठवड्यातल्या त्याच वेळेशी ताडून बघितली, तर पायी चालणाऱ्यांचा जीव जाण्याचा धोका हॅलोवीनला ४३ टक्के जास्त निघाला, आणि ४ ते ८ वर्षांच्या मुलांसाठी तो दहापट. सगळ्यात वाईट वेळ साधारण ६ ची. म्हणजे बघा, इथे त्या दिवशी सूर्य मावळतो सहाला पाच-सात मिनिटं कमी असताना, ऑफिसातून गाड्या त्याच वेळी परततात, आणि पोरं त्याच वेळी रस्त्यावर उतरतात. (२००७ पासून घड्याळं मागे घेणं नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारवर गेलंय म्हणून एवढा तरी उजेड मिळतो, नाहीतर बरेचदा पाचलाच अंधार असायचा.)

म्हणून लहान मुलांना घेऊन पावणेपाचलाच निघा. तासाभरात त्यांची पिशवी भरते आणि पाय दुखायला लागतात, सहाला घरी. मोठ्या मुलांच्या मागेमागे फिरायची गरज नाही पण १२ वर्षांखालच्यांबरोबर मोठं माणूस हवंच, आणि त्याहून मोठे असतील तर चार-पाच जणांचा घोळका, ठरलेला रस्ता, ठरलेली वेळ, चार्ज केलेला फोन.

साईडवॉक असेल तर त्यावरूनच. नसेल तर रस्त्याच्या डाव्या कडेने, समोरून येणाऱ्या गाड्यांकडे तोंड करून, एकामागे एक. आपण भारतात डावीकडून गाड्या चालवलेली माणसं, आपल्याला सवयीने उलटं वाटतं, पण इथे गाड्या उजवीकडून चालतात म्हणून डाव्या कडेने चाललं की समोरची गाडी आपल्याला दिसते. रस्त्याची एक बाजू पूर्ण करा, कोपऱ्यावर जाऊन ओलांडा, मग दुसरी बाजू. या घरातून समोरच्या घरात तिरकं पळणं आणि उभ्या गाड्यांच्या मधून एकदम बाहेर येणं, बहुतेक वेळा घात तिथेच होतो. पोरांना निघण्याआधी दारातच हे एकदा म्हणून घ्यायला लावा.

प्रत्येकाच्या हातात फ्लॅशलाईट, प्रकाश पायाखाली, गाडीवाल्याच्या डोळ्यात नाही. गळ्यात चमकणारी ग्लो स्टिक छान दिसते, पण छोटी पोरं ती चावतात आणि फोडतात. आतलं पाणी कडू लागतं, तोंड चुरचुरतं, तोंड पुसून पाणी प्यायला द्या आणि काही शंका असली तर पॉइझन हेल्पला फोन करा, १-८००-२२२-१२२२, हा नंबर देशभर चालतो, फुकट आहे, रात्रीही उचलतात. फोनमध्ये आजच घालून ठेवा.

गाडी चालवायची असेल तर ट्रिक ऑर ट्रीटच्या वेळात शक्यतो चालवूच नका. चालवावीच लागली तर वस्तीत अगदी सावकाश, फोन पर्समध्ये, ड्राइव्ह-वेतून मागे घेताना कुणाला तरी मागे उभं करून. न्यू जर्सीत २०१० पासून आखलेल्या क्रॉसवॉकवर माणूस असेल तर नुसतं हळू करून चालत नाही, पूर्ण थांबावं लागतं आणि तो जाईपर्यंत थांबून राहावं लागतं. आणि पोरांना गाडीत घालून घरोघर थांबत जाऊ नका, दुसऱ्यांच्या ड्राइव्ह-वेसमोर गाडी लावू नका. लांबून येत असाल तर कडेला एका जागी गाडी लावा आणि पायी फिरा.

दार चुकलं तर

हे लिहिताना मला जड जातंय पण नव्याने आलेल्यांना कुणीतरी सांगायलाच हवं. १७ ऑक्टोबर १९९२ ला लुइझियानातल्या बॅटन रूज शहरात योशिहिरो हात्तोरी नावाचा १६ वर्षांचा जपानी विद्यार्थी हॅलोवीनच्या पार्टीला निघाला आणि चुकून दुसऱ्याच घराची बेल वाजवली. घरातल्या बाई घाबरल्या, नवरा बंदूक घेऊन बाहेर आला, "फ्रीझ" (हलू नकोस) म्हणाला. त्या मुलाला त्याचा अर्थ समजला नसावा, तो पार्टीला आलोय म्हणत पुढे गेला आणि त्या माणसाने गोळी झाडली. मुलगा गेला. न्यायालयाने गोळी झाडणाऱ्याला निर्दोष सोडलं.

आपल्याकडे दार चुकलं तर "अहो, जोशी कुठे राहतात" म्हणून आत डोकावतो, पाणीसुद्धा मिळतं. इथे तसं करू नका. मुलांना, आणि पाहुणे म्हणून आलेल्या आजीआजोबांनाही, हे शिकवा: फक्त पुढच्या दाराने जायचं, फक्त दिवा असलेल्या घरी, मागच्या अंगणात किंवा गॅरेजमध्ये शिरायचं नाही, खिडकीतून डोकवायचं नाही, बेल एकदाच, दार उघडलं नाही तर वळून निघायचं. कुणी मोठ्याने "फ्रीझ" किंवा "स्टॉप" म्हणालं तर जिथे आहोत तिथेच थांबायचं, हात दिसतील असे ठेवायचे. आणि दिसायला खरी असलेली बंदूक घेऊन अंधारात कुणाच्या दाराशी पोरगं उभं करू नका, ते याच्यासाठी. घराच्या आत तर कधीच जायचं नाही, कितीही गोड बोलावलं तरी, कँडी उंबऱ्याबाहेरच घ्यायची.

दाराशी वागणं

हिरवळीवरून पळत शॉर्टकट नाही, वाटेवरूनच. आधीचे खाली उतरले की मग वर चढायचं, ढकलाढकली नाही. "ट्रिक ऑर ट्रीट" म्हणायचं, एक घ्यायचं (यजमान म्हणाले तर दोन), "थँक्यू, हॅपी हॅलोवीन" म्हणायचं. बाहेर "एक घ्या" लिहून परडी ठेवलेली असेल आणि बघायला कुणी नसेल तरी एकच. हे मी माझ्या मुलीला सहा वर्षांची असताना सांगितलं होतं, आता ती दुसऱ्या पोरांना सांगते.

तुम्ही कँडी देणारे असाल तर एक गोष्ट जपा. एखादं मूल बोलणार नाही, डोळ्यात बघणार नाही, मास्क किंवा कॉस्च्युम घातलेला नसेल, हात परडीत घालून बराच वेळ शोधत राहील. ऑटिझम असेल, ऐकू येत नसेल, नुसतं लाजत असेल. "काय म्हणायचं असतं?" असा आग्रह धरू नका, हसून द्या. तसंच १५-१६ वर्षांची उंच मुलं आली तर "तुम्ही मोठे झालात" म्हणून हिणवू नका, त्या रात्री ती दुसरं काही वाईट करण्यापेक्षा दारोदार गोळ्या मागत फिरतायत हे बरंच आहे. आणि व्हीलचेअरवरचं मूल दिसलं तर तुम्ही पायऱ्या उतरून त्याच्यापर्यंत जा.

घरी आल्यावर

निघण्याआधीच पोटभर जेवण द्या, वरण-भात, खिचडी काहीही, म्हणजे वाटेत पाकिटं फोडली जात नाहीत. घरी आल्यावर पिशवी टेबलावर ओता आणि मोठ्यांनी बघायचं. फाटलेलं, उघडलेलं, घरी केलेलं, लेबल नसलेलं बाजूला. चार वर्षांखालच्या मुलांना कडक गोळ्या, शेंगदाणे, चिकट टॉफी नाही, घशात अडकतात. ॲलर्जी असेल तर छोट्या पाकिटावरचंही वाचा, मोठ्या आणि छोट्या पाकिटातला माल कधीकधी वेगळ्या कारखान्यातला असतो, आणि एपिपेन (ॲलर्जीचा झटका आला तर द्यायचं इंजेक्शन) संध्याकाळभर बरोबरच हवं.

विषाच्या अफवेबद्दल: डेलावेअर विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ जोएल बेस्ट यांनी १९५८ पासूनच्या बातम्या तपासल्या, अनोळखी माणसाने वाटलेल्या कँडीने मूल दगावल्याचं किंवा गंभीर इजा झाल्याचं एकही पक्कं उदाहरण त्यांना सापडलं नाही. १९७४ मध्ये टेक्सासात सायनाइडने गेलेला मुलगा होता, पण ते विष त्याच्या सख्ख्या बापाने विम्याच्या पैशासाठी घातलं होतं. त्यामुळे तपासा जरूर, पण पोरांच्या मनात शेजाऱ्यांची दहशत घालू नका. गांजा घातलेल्या गमींची काळजी असेल तर ती बाहेरच्या पिशवीपेक्षा घरात करा, न्यू जर्सीत एप्रिल २०२२ पासून मोठ्यांना त्या दुकानात मिळतात, आणि पोरांना सापडतात त्या बहुतेक घरातल्या नाहीतर ओळखीच्यांच्या कपाटातल्या असतात, म्हणून पाहुण्यांनाही सांगून कुलपात.

कुत्र्याच्या तोंडाला चॉकलेट लागू देऊ नका, डार्क तर अजिबात नाही, मनुका नाहीत, आणि झायलिटॉल असलेली बिनसाखरेची च्युइंगगम तर फार वाईट. खाल्लंच तर वाट बघत बसू नका, प्राण्यांच्या विषबाधेसाठीचा वेगळा नंबर आहे, ८८८-४२६-४४३५, त्याला पैसे लागू शकतात.

१ नोव्हेंबरची सकाळ

एक पिशवी घ्या, मुलांना बरोबर घ्या आणि आपल्या गल्लीतली पाकिटं गोळा करा, आपली असोत नसोत. वीस मिनिटांचं काम. कोळ्याची खोटी जाळी झुडपांवरून लगेच काढा, पक्षी त्यात अडकतात. भोपळ्यातला एलईडी काढून भोपळा कंपोस्टला टाका. किती मुलं आली होती तो आकडा फोनमध्ये लिहून ठेवा, पुढच्या वर्षी कँडी किती आणायची ते कळतं, आमच्याकडे आता साधारण ७० धरते. आणि फराळाचा एक डबा, चिठ्ठी लावून, ज्या घराचा दिवा काल बंद होता त्यांच्याकडे पण द्या. दोन वर्षांपूर्वी असाच डबा घेऊन मी समोरच्या आजींकडे गेले, त्यांचा दिवा पहिल्यांदाच बंद होता, तर त्या गुडघ्याच्या ऑपरेशननंतर आदल्याच दिवशी घरी आल्या होत्या आणि दारापर्यंत यायला त्यांना पाच मिनिटं लागली.